भेळीच्या डब्यातली शेवटची काडतुसं

दिवाळीत वात पेटवलेला सुतळी बॉम्ब फुसका निघाला की आमच्या केडगावच्या गल्लीत हशा पिकतो. कोणीतरी शूर माणूस पुढे होतो, चपलेच्या टोकाने बॉम्ब ढोसून बघतो आणि बाकीचे त्याला चिडवतात. मी तोवर जिन्याच्या आडोशाला गेलेलो असतो. आमची सौभाग्यवती म्हणते, "जन्म बंदुकांत काढला आणि फुसक्या फटाक्याला घाबरता." घाबरतो, हे खरं आहे. धडाक्याची मला कधीच भीती वाटली नाही. जिथे धडाका व्हायला हवा होता तिथे झाला नाही, की मी आडोसा धरतो. का धरतो, ते सांगायचं म्हणजे आधी माझं काम सांगावं लागेल.

मी एका सशस्त्र दलात आर्मोरर होतो. दलाचं नाव सांगत नाही, त्यात कोणाचं भलं नाही. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. लोकांना वाटतं हा माणूस दिवसभर गोळ्या झाडत असेल. प्रत्यक्षात माझा दिवस तेल, चिंध्या, ब्रश आणि स्प्रिंगा यांत जायचा. नातेवाइकांच्या दृष्टीने माझा उपयोग एकच, बिघडलेलं काहीही याच्याकडे न्यायचं. सावेडीतल्या साडूंनी एकदा वडिलांच्या वेळची तिजोरी उघडायला मला मुद्दाम स्कूटरवर बसवून नेलं. अर्धा दिवस घाम गाळून उघडली, तर आत तीन जुने चष्मे निघाले. साडूंनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी केलं.

आता काडतुसाबद्दल थोडंसं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. ट्रिगर दाबला की टोपी फुटते, दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. रिकामी पुंगळी मागे राहते. काडतुसं कारखान्यातून लॉटने येतात. एका लॉटची सगळी एकाच दिवसाच्या भाकरीसारखी, सारख्या भाजणीची. फायरिंगच्या दिवशी पेटी फोडली आणि त्यातली काही उरली, की खरी अडचण सुरू होते. डेपो परत घेतो तो फक्त सीलबंद आणि एका लॉटचा माल. फोडलेल्या पेटीतली सुटी काडतुसं तो घेत नाही, आणि ती फेकून देता येत नाहीत हे तर उघडच आहे. अशी वर्षानुवर्षांची, वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या कारखान्यांची उरलीसुरली काडतुसं आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात साठत. त्या डब्याला आमच्याकडे सगळे भेळ म्हणत.

भेळ संपवायची आमची एक रीत होती. वार्षिक फायरिंगमध्ये चांगल्या लॉटची काडतुसं नेमबाजांना मिळायची, कारण त्यांचे गुण धरले जात. भेळ मिळायची शेवटच्या तुकडीला, म्हणजे स्वयंपाकी, ड्रायव्हर, बँडवाले आणि कारकून यांना. त्यांच्या गोळ्या टार्गेटला लागल्या काय आणि मागच्या मातीच्या बांधात गेल्या काय, कोणी विचारत नसे. म्हणजे सगळ्यांत बेभरवशाचा माल सगळ्यांत कच्च्या हातांत. या रीतीने माझी दरवर्षी झोप उडायची. मी साहेबांना सांगायचो. साहेब मान डोलवायचे आणि रीत चालू राहायची.

आमच्या मेसमध्ये सखाराम नावाचा स्वयंपाकी होता. सगळ्यांसारखाच पालथा झोपून, पण दोन्ही डोळे मिटून तो ट्रिगर दाबायचा आणि आवाज झाल्यावर एक डोळा उघडून बंदूक अजून हातात आहे का ते बघायचा. एकदा भेळीतलं त्याचं काडतूस पेटलंच नाही. नुसतं 'टिक्' झालं. सखारामने रायफल अलगद खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि शरण आल्यासारखा तसाच पालथा पडून राहिला. सगळं मैदान हसलं. मला हसू आलं नाही. अशा वेळी बंदूक समोर रोखून थांबायचं असतं, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. सखारामने निम्मा नियम पाळला होता, घाबरून का होईना. तो थांबला होता.

'टिक्'पेक्षा वाईट आवाज दुसरा असतो. टोपी फुटते, पण आतली दारू ओलसर झालेली किंवा कमी पडलेली असते. गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. तेव्हा धडाका होत नाही, 'टुक्' होतं. बाटलीचं बूच निघाल्यासारखं. पुंगळी नेहमीसारखी बाहेर पडते, पुढचं काडतूस नेहमीसारखं आत जातं, बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. त्यानंतर ट्रिगर दाबला, तर नळी फाटते. नळीच्या मागे झाडणाऱ्याचा चेहरा असतो आणि नळीखाली त्याचा डावा हात.

म्हणून फायरिंगच्या आधी मी भेळ निवडायला बसायचो. हिरवट झालेली वेगळी काढायची, गोळी बोटांनी हलते का ते बघायचं, टोपीभोवती काळं दिसलं की बाजूला टाकायचं. एवढं करूनही काडतुसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही. शेंग वरून कितीही चांगली दिसली तरी दाणा किडका निघू शकतो. त्यामुळे शेवटच्या तुकडीच्या वेळी मी मैदानावर मागे उभा राहून फक्त ऐकायचो. मला टार्गेट कधी दिसलंच नाही. मी आवाज मोजत नव्हतो, एकेक चाखून बघत होतो म्हणा.

आमचे उस्ताद होते कुशाबा. नेमबाजी शिकवणाऱ्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातला माणूस, माझ्यापेक्षा वयाने मोठा, भाताच्या खाचरातून थेट भरतीला आलेला. थ्री नॉट थ्री ही रायफल त्यांच्या खांद्याला अशी बसायची, की ती काढून ठेवली तर खांदा रिकामा वाटावा. ही बंदूक आपोआप भरत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुंगळी काढायची, पुढे ढकलून नवं काडतूस भरायचं. नवे लोक त्यासाठी रायफल खाली घेतात. उस्तादांचा हात कधी मागे गेला आणि कधी पुढे आला हे बघणाऱ्याला कळायचं नाही. मैदानावर हुकूम त्यांचा आणि शिट्टीही त्यांची. इतकी वर्षं तेच ओरडले आणि बाकी सगळे ऐकत आले.

मनाने मोठे, पण दलात त्यांची ख्याती गर्विष्ठ म्हणून होती. नव्या पोरांनी मागून नमस्कार केला तर ते बघायचे नाहीत. कोणी काही विचारलं तर कधी उत्तर द्यायचे, कधी सरळ चालू लागायचे. मलाही लागायचं. एकदा मी त्यांना मुलाच्या लग्नाचं आमंत्रण चहाच्या टपरीवर दिलं, तर हे म्हणाले, "व्हय, पाऊस यंदा बरा हाय." मी घरी येऊन सांगितलं, की माणूस डोक्यात हवा गेलेला आहे. लग्नाला मात्र ते आदल्या दिवशीच हजर झाले, तांदळाचं पोतं घेऊन. पत्रिका वाचली होती म्हणाले.

मग थ्री नॉट थ्री जमा करायचा हुकूम आला. नव्या बंदुका आल्या होत्या, जुन्या परत जाणार होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी उस्तादही निवृत्त होणार होते. साहेब नवे होते, तरुण आणि सज्जन. त्यांनी मला बोलावलं.

"मिस्त्री, रायफली जमा होतील, सीलबंद माल जमा होईल. ही भेळ कोण घेणार?"

"कोणी नाही, साहेब. नष्ट करायला पाठवावी लागेल."

"त्याला किती वेळ लागेल?"

"लागेल बराच."

"बंदूक नसताना काडतुसं कोठारात ठेवायची? उद्या तपासणीला आलेला माणूस मला काय विचारेल? चांदमारीच्या मैदानावर झाडून संपवून टाका."

साहेबांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच मागितलं, की या वेळी स्वयंपाकी-ड्रायव्हर नकोत, फक्त सरावाचे लोक हवेत. काडतूस एकेक द्यायचं, बंदुकीच्या पोटातलं मॅगझिन भरायचं नाही. आणि प्रत्येक गोळीनंतर हुकूम झाल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. साहेबांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. उस्ताद मात्र माझ्यावर हसले.

"एकेक गोळी? पंगतीत एकेक शीत वाढल्यागत? मिस्त्री, तुला लई भ्याव."

मला भ्याव होतं. आदल्या दिवशी डबा उपडा करून बसलो तेव्हा त्यातली काही काडतुसं माझ्या नोकरीपेक्षा जुनी निघाली.

त्या सकाळी चांदमारीवर वारा नव्हता. डोंगराच्या पायथ्याला कोरडं गवत, समोर मातीचा उंच बांध, दोन्ही टोकांना लाल निशाणं. हुकमाची जबाबदारी कविता बांगर हिच्याकडे होती. ती उस्तादांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यांच्या जागेवर येणार असलेली. पाथर्डीकडची पोरगी, आईबाप दर हंगामात उसाच्या तोडीला जाणारे, त्यामुळे आवाज शेतातून शेतात पोचणारा. गळ्यात नवी शिट्टी. काम माझ्या मनाप्रमाणे संथ चाललं. एक काडतूस, एक हुकूम, एक धडाका. दोनदा 'टिक्' झालं, दोन्ही वेळा सगळे थांबले, काडतूस सावकाश काढून वाळूच्या बादलीत ठेवलं. प्रत्येक धडाक्याला आत कुठेतरी माझी एक गाठ सुटत होती. लोक कंटाळले होते. मला तो कंटाळा फार आवडत होता.

डबा तळाला आला तेव्हा साहेब उठून पुढे आले. म्हणाले, "शेवटचं मॅगझिन उस्तादांनी मारायचं. त्यांच्या पद्धतीने. या बंदुकीला निरोप त्यांच्याच हातून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी साहेबांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, एकेक ठरलं होतं."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, एका माणसाची शेवटची पाच काडतुसं. तुम्ही स्वतः निवडून द्या."

मी गुडघ्यावर बसलो आणि उरलेल्यांतून पाच निवडली. सगळ्यांत चकचकीत, एका सालाची, एका खुणेची. एकेक फडक्याने पुसलं. घरच्या माणसाच्या पानात वाढताना आपण बघून वाढतो, तसं मी बघून दिलं. उस्तादांनी ती हातावर घेऊन वजन केल्यासारखी झुलवली आणि म्हणाले, "भेळीत काजू घातलेत मिस्त्रीनं."

ते पालथे झाले. मी नेहमीपेक्षा जवळ, त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिलो. असं उभं राहणं त्यांना आवडत नसे, पण त्या दिवशी त्यांनी राहू दिलं. कविता डाव्या बाजूला, शिट्टी ओठांजवळ. तिने हुकूम दिला आणि हात खाली टाकला. उस्तादांची नजर तिच्या हातावर होती, हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ मागाहून लागला.

पहिला धडाका. बोल्ट मागे, पुढे. दुसरा धडाका, तसाच भरीव. पुंगळी माझ्या बुटाजवळ येऊन पडली. बोल्ट पुढे.

टुक्.

मी ओरडलो, "फायर बंद!" माझा आवाज फुटेपर्यंत ओरडलो. त्याच क्षणी कविताची शिट्टी वाजली, लगेच पुन्हा वाजली. बांधावर बसलेले बगळे उडाले. साहेब खुर्चीतून उठले. सगळ्या मैदानाने ऐकलं. उस्तादांचा हात मात्र बोल्टवर गेला. पुंगळी बाहेर उडाली. बोल्ट पुढे सरकला आणि बंद झाला. त्यांच्या चेहऱ्यावर ऐकल्याची एक रेघ नव्हती. हात बोल्टवरून सुटला आणि ट्रिगरकडे निघाला.

वाकायला वेळ नव्हता. मी पाय उचलला आणि माझा बूट उस्तादांच्या मनगटावर दिला. सगळं वजन टाकून दिला. हात खाली मातीत दाबला गेला. ट्रिगरला बोट लागलं असतं, तर मीच नळी फोडली असती, हा विचार नंतर आला आणि अजूनही येतो.

उस्तादांनी मान वळवून वर पाहिलं. खंडेनवमीला ज्या हाताने आमच्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची, पहिलं झेंडूचं फूल ज्या हाताने वाहिलं जायचं, त्यावर माझा पाय होता.

"माज्या हातावर पाय देतूस, मिस्त्री?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी रायफल त्यांच्या हातातून काढून घेतली, तोंड बांधाकडे ठेवून बोल्ट उघडला, जिवंत काडतूस बाहेर काढलं. मग नळी साफ करायची सळई पुढच्या तोंडातून आत घातली. ती अर्ध्याच्या पुढे गेली आणि अडकलेल्या गोळीला टेकून थांबली. मी सळईवर नळीच्या तोंडाशी अंगठा दाबून धरला, तशीच बाहेर काढली आणि नळीवर बाहेरून लावून दाखवली. सळईचं टोक जिथे आलं, तिथे डावा हात धरायची जागा होती. लाकडावर उस्तादांच्या पंजाचा घाम अजून ओला होता.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. उस्ताद उठून बसले होते, उजवं मनगट डाव्या हाताने धरून. त्यांनी सळईकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"तू वराडला हुतास का?"

"व्हय, उस्ताद."

कविता जवळ येऊन बसली. म्हणाली, "उस्ताद, म्या शिट्टी पन मारली. दोनदा."

ते तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इतकी वर्षं धडाक्यांत उभ्या असलेल्या माणसाचे कान गेले होते, बारीक आवाज तर केव्हाचेच गेले होते. आणि हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण मैदानावर हुकूम देणारे तेच होते. देणाऱ्याला ऐकावं लागत नाही. त्या दिवशी ते पहिल्यांदाच दुसऱ्याच्या शिट्टीखाली पालथे झाले होते. मला ती चहाची टपरी आठवली आणि घरी जाऊन मी जे बोललो होतो तेही आठवलं.

"खांद्याला कळलं हुतं," उस्ताद स्वतःशीच म्हणाले. "धक्का न्हाई बसला, हे खांद्याला कळलं हुतं. पन हात म्होरं ग्येला. त्याला थांबाया म्या कदी शिकवलंच न्हाई."

हे सगळ्यांत कुशल माणसाच्याच हातून होऊ शकतं. सखारामच्या हातून झालं नसतं. सखाराम घाबरून हात वर करून पडला असता, आणि आम्ही हसलो असतो.

मी वाकून उस्तादांच्या पायांना हात लावला. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, त्याच उजव्या हाताने. मनगटावर बुटाच्या तळाची नक्षी उमटली होती.

"ऊठ, ऊठ. पाय दिलास म्हनून हात ऱ्हायला."

साहेबांनी विचारलं, "डब्यात अजून आहेत?"

"आहेत, साहेब."

"ठेवा बाजूला. नष्ट करायला पाठवू. लागू दे किती वेळ लागतो तो. विचारणाऱ्याला मी उत्तर देईन." साहेब माझ्याकडे न बघता हे बोलले, डोंगराकडे बघत. टोपी अजून हातातच होती. मला त्या क्षणी ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत हे पहिल्यांदा दिसलं.

मैदान सोडताना फायरिंग संपल्याची शिट्टी द्यायची असते. कविताने शिट्टी उस्तादांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तूच वाजीव. म्या बघतो." तिने वाजवली आणि उस्ताद तिच्या गालांकडे बघत उभे राहिले. लाल निशाणं उतरली.

त्याला आता काही वर्षं झाली. मीही निवृत्त झालो. उस्ताद अकोल्याकडे आपल्या गावी असतात, भात लावतात. मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं आहे, ते कपाटात ठेवलेलं असतं. म्हणतात, त्यात बायकूचा आवाज लई मोठा येतो. खंडेनवमीच्या सकाळी ते मला न चुकता फोन करतात. फोनवर त्यांना काहीही ऐकू येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी करतात. मी फोन उचलतो, पलीकडे श्वास ऐकू येतो, मागे कोंबड्या. मग ते डोंगरातून हाक मारावी तसे ओरडून एकच विचारतात,

"मिस्त्री, पाय कसा हाय?"

मी सांगतो, बरा आहे उस्ताद, अगदी बरा आहे. ते थोडं थांबतात, मी बोललो असेन असा अंदाज घेतात आणि फोन ठेवतात.